ऑफिसचा नंबर

पुणे, १३ ऑक्टोबर २०११

प्रिय सुदर्शन,

इतक्या वर्षांत मी तुला कागदावर कधी काही लिहिलं नाही. अमरावतीला पॉलिटेक्निकमध्ये आपल्यात एका बाकाचं अंतर होतं, तेव्हा लिहायची गरज नव्हती. पुढे मी पुण्याला आले, तू वरोऱ्यात बाबांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसलास, तोवर दोघांच्याही हातात फोन आले होते. त्यामुळे माझं अक्षर तुला ओळखीचं वाटणार नाही. मलाच वाटत नाहीये.

मी बरी आहे, तब्येतीची काळजी करू नकोस. हिंजवडीची बस अजूनही सकाळी दीड तास घेते आणि मी अजूनही त्यात झोपते. आमचं दवाखान्यांचं काम आता पुढे सरकलंय. पेशंटला गोळ्यांची, तपासणीची आठवण करून देणारे मेसेज आपोआप जातात, ते हेच. तुला मागे सांगितलं होतं; तू म्हणाला होतास, आमच्या गिऱ्हाइकांना पण पाठव, दुरुस्त झालेल्या मोटारी महिना महिना कोणी न्यायला येत नाही. ते आठवलं की मला अजून हसू येतं.

रविवारी राजनंदिनीनं मला सिनेमाला नेलं. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती; शनिवार पेठेतली. कमी बोलते, पण बोलली की समोरच्याला दोन दिवस पुरतं. कुठल्यातरी परदेशातला सिनेमा होता, खाली इंग्रजी अक्षरं. बंदराच्या गावात एक बाई राहते. नवरा मालवाहू जहाजावर, आठ-आठ महिने बाहेर. रोज फोन करणं त्याला जमत नाही, म्हणून तो घरी एक यंत्र बसवून देतो. ते त्याच्या आवाजात तिची चौकशी करतं, आज काय केलंस, पाठ दुखते का, शेजारीण पुन्हा भांडली का. बाईला वाटतं तो जहाजावरून बोलतोय. मग तिच्या लक्षात येतं, पण ती त्याला काही म्हणत नाही. बोलत राहते. आधी थोडं, मग सगळंच, नवऱ्याला कधी सांगितलं नसतं तेही. शेवटी एक दिवस नवरा सुट्टीवर येतो, बॅग हातात घेऊन दारात उभा राहतो, आणि ती यंत्राला म्हणते, थांब हं, कोणीतरी आलंय.

थिएटरमध्ये सगळे हसले. मी खुर्चीचा हात धरून बसले होते.

बाहेर चहा पिताना मी राजनंदिनीला म्हटलं की तो माणूस वाईटच. ती म्हणाली, वाईट कसला, बायकोला एकटं वाटू नये एवढंच त्याला हवं होतं. फक्त तिचं ऐकायला तो स्वतः कुठे नव्हता. मग कप खाली ठेवत तिनं सहज विचारलं, "तू सुदर्शनला रोज दीड वाजता मेसेज करतेस ना? दीडला तर रोज आपली मीटिंग असते. माझ्या शेजारी बसलेली असतेस. करतेस कधी?"

मी चहाचे पैसे द्यायला उठले. 

आता तुला सांगते. जूनमध्ये मी तुला एक नंबर दिला होता, आठवतंय? हा ऑफिसचा, दिवसा यावरच मेसेज करत जा, असं म्हटलं होतं. तो ऑफिसचाच आहे, पण कुठल्या फोनमधला नाही. आमच्या एका कॉम्प्युटरला जोडलेलं सिमकार्ड आहे ते, मेसेज तपासण्यासाठी ठेवलेलं. त्या दिवसांत दीडची मीटिंग नवीन सुरू झाली होती. माझा मेसेज आल्याशिवाय तू डबा उघडत नाहीस, हे तुझ्या आईनं, कौशल्याकाकूंनीच मला फोनवर हसत हसत सांगितलं होतं. तू तीन-तीन वाजेपर्यंत उपाशी राहायचास आणि मला इथे अपराध्यासारखं व्हायचं. म्हणून तेरा जूनला मी अकरा वाक्यं लिहून ठेवली. जेवलास का, आज डब्यात काय, ऊन फार आहे का, अशी. रोज दीडला त्यातलं एक आपोआप तुला जायचं. पहिले दोन आठवडे तुझी उत्तरं मी संध्याकाळी कॉम्प्युटरवर वाचायचे. मग काम वाढलं. मग उद्या वाचू म्हटलं. रविवारी फोनवर बोलतोच की आपण, असंही म्हटलं.

सोमवारी सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या ती यादी उघडली. माझ्या नावानं एकशे एकोणीस मेसेज गेले होते. तुझं एकही उत्तर चुकलं नव्हतं. जूनमधली उत्तरं चार-चार ओळींची. कुणाच्या विहिरीवरची मोटार जळाली, तांब्याची तार मिळत नाही, दुकानासमोरच्या कडुलिंबावर पोळं धरलंय. जुलैत दोन ओळी. आणि तीन ऑगस्टला तू लिहिलंस: "नाही जेवलो. बाबाले चंद्रपूरला दवाखान्यात आणलं. डाव्या हातात जोर नाही. जमलं तर फोन कर."

त्याच्याखाली चार तारखेला दीड वाजता माझा मेसेज आहे. आज डब्यात काय होतं?

तुझं उत्तर, "काही नाही."

सुदर्शन, ते वाचल्यावर मी उठून जिन्यात जाऊन बसले. त्या आठवड्यातला रविवार मला आठवला. मी तुला घरचे कसे आहेत विचारलं होतं, तू बरे आहेत म्हणालास, आणि मला वाटलं आज तू दमलायस. मीटिंगमध्ये माझं काय काय झालं ते मी तुला वीस मिनिटं सांगत होते. तेव्हापासून तुझी उत्तरं एका शब्दाची झाली, हो आणि ठीक. मला फोनवर तुझं बोलणं कमी झालेलं जाणवत होतं. लग्न जवळ आलं की मुलगे असेच होतात, असं मी स्वतःला समजावलं होतं. तुझ्या बाबांना, रंगरावकाकांना तीन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं, आता हात बऱ्यापैकी हलतो, तरी मोटारींमध्ये तारेची गुंडाळी अजून तूच भरतोस, हे सगळं मला काल कौशल्याकाकूंकडून कळलं. त्यांना वाटत होतं मला माहीतच आहे.

तो प्रोग्राम मी सोमवारीच बंद केला. दोन वाजता तुझा फोन आला. कामाच्या दिवशी तू कधी फोन करत नाहीस. "काहून गं, आज मेसेज नाही आला. बरी आहेस ना?" एवढंच विचारलंस. तुला राग यायला हवा होता, आणि तुला माझी काळजी वाटत होती. मी म्हटलं, काम होतं. ते शेवटचं खोटं. त्यानंतरचे तीन दिवस तुला दीडला काहीही आलेलं नाही, कारण खरं सांगितल्याशिवाय स्वतःच्या हातानंही लिहिवेना.

काल काकूंनी फोन केला होता तो पत्रिकेसाठी. मजकूर सोमवारी छापायला जाणार, माझं नाव नुसतं भाग्यश्री घालायचं की चि. सौ. कां. लावून, असं विचारत होत्या. मी म्हटलं, रविवारपर्यंत सांगते. छापण्याआधी तुला सगळं माहीत असायला हवं, म्हणून लिहायला बसले. फोनवर सांगितलं असतं तर तू जाऊ दे म्हणून मोकळा झाला असतास आणि आत ठेवून दिलं असतंस, जसं ऑगस्टमध्ये ठेवलंस. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाहीये. उद्या संध्याकाळच्या गाडीनं निघते, शनिवारी सकाळी वरोऱ्याला उतरेन. राजनंदिनी माझं काम सांभाळणार आहे. चार दिवसांची रजा घेतली आहे. दुकानात येऊन तुझ्या हातात हे देईन आणि तू वाचून होईपर्यंत समोर बसेन. मग चिडायचं असेल तर चीड, मी ऐकेन. काही बोलायचं नसेल तर काकांच्या जागी बसून गुंडाळी भरायला शिकव. कितीही वेळ लागला तरी चालेल.

अजून तरी तुझीच,
भाग्यश्री