लॉरीच्या दुखण्यांची वही

अप्पा,

तुमची लॉरी बघायला काल कोइम्बतूरहून एक इंजिनिअर आला, आणि तुम्ही जाऊन वीस वर्षं झाल्यावर त्यानं मला खोटं पाडलं. म्हणून लिहिते आहे. माया दाटून आली म्हणून नव्हे.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तुमचे कान आधीच गेले होते. त्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनानंच ते खाल्ले. राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत लॉरी शिरली की बायका मला म्हणायच्या, "आला बघ तुझा बाप, भांडी धरून ठेव." अंथरुणावरून तुम्ही मला बजावलंत, की रोज संध्याकाळी तिरुवैयारु रस्त्यावरच्या शेडमध्ये जाऊन इंजिन सुरू कर, नाही तर जाम होईल, आणि आवाज कसा येतो ते सांग. फिजिक्स शिकलेल्या मुलीला एवढं तरी जमावं, असंही वर. मी रोज निघायचे. शेडमध्ये एकदाही गेले नाही. मैत्रिणीकडे कॉफी प्यायचे आणि परत येऊन पाटीवर तुमच्यासाठी लिहायचे: आज काळा धूर. आज तेल गळतंय. आज मधल्या सिलिंडरमध्ये ठोका. तुमचा चेहरा उतरायचा. तुम्ही धापा टाकत उपाय सांगायचात, मी तो इंग्रजीत वहीत उतरवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पाटीवर लिहायचे: फरक नाही. मला बरं वाटायचं.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. आई तापानं फणफणली होती आणि मी धावत शेडमध्ये आले. तुम्ही हात ग्रीसमध्ये बुडवून बसला आहात, मान वर करत नाही. "इंजिन उघडं टाकून कसा येऊ? संध्याकाळी येतो." संध्याकाळी तुम्ही आलात, तेव्हा आईला जमिनीवर घेतलं होतं.

आता सगळीकडे नव्या गाड्या येताहेत, जुन्या भंगारात चालल्या आहेत, आणि हा माणूस त्या गोळा करत फिरतो. इंजिन जाम झालेलं पाहून तो हळहळला. महिन्यातून एकदा जरी कुणी सुरू केलं असतं तर, म्हणाला. मी तुमच्या उपायांची वही त्याच्या हातात दिली. लॉरीच्या पायरीवर बसून त्यानं ती उघडली आणि खूश होत गेला. असं ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही, म्हणाला. चौथ्या पानावर थांबला.

"अम्मा, इथं व्हॉल्व्हचा टकटक आवाज लिहिलाय. झाकण काढून फट कमी करा, असा उपायही आहे. या इंजिनाला व्हॉल्व्ह नसतातच. एका सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन, हवा भोकांतून येते-जाते. तेव्हा त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं का?"

मागचं पान चोख आहे, पुढचंही चोख आहे. तुमचं डोकं ठिकाणावर होतं; नसलेल्या व्हॉल्व्हचा आवाज मी रचला होता, आणि तुम्ही त्यालाही उपाय दिलात. नाकही होतं, रोज डिझेलऐवजी कॉफीचा वास अंगावर घेऊन मी तुमच्या उशाशी बसत होते. चौथ्या पानापासून तुम्हाला माझं खोटं माहीत होतं, आणि वही शेवटपर्यंत भरलेली आहे. पाच महिने तुम्ही मला रोज संध्याकाळी बाहेर पाठवलंत आणि रोज परत येऊन खोटं बोलायला लावलंत. शेवटच्या दिवशी मी पाटीवर लिहिलं, इंजिन कायमचं गेलं. "असू दे," म्हणालात आणि भिंतीकडे वळलात. मी जिंकले, असं वीस वर्षं धरून चालले होते. तेवढंच माझं होतं, तेही तुम्ही आधीच काढून घेतलं होतंत. याला प्रेम म्हणायचं असेल तर ते मला नको आहे.

ते पान चुकीचं आहे, फाडू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. चूक त्यांची नाही, माझी आहे, असंही सांगितलं. परक्या माणसाला सांगितलं. तुम्हाला सांगितलं नव्हतं.

आज सकाळी त्याच्या हवाली केलं: लॉरी एक, चारही बाजूंनी बसलेली. जॅक एक. पान्यांची पेटी एक. वही एक, सगळी पानं जागेवर, चौथ्याच्या तळाशी मी पेन्सिलीनं लिहिलेलं, "आवाज खोटा. सांगणारी मुलगी."