मिलोयकोच्या मेणबत्त्या

क्रिव्होदोल, ३ ऑक्टोबर १९९८

चि. मिलोयकोस स्तामेंकाताईचे अ. आ.

तू सांगितलेलं तुझं थडगं गावात बसलं. जिवंतपणी थडगं आपल्याकडे सगळेच करून ठेवतात, माझे सासरे वर्षानुवर्षं त्यावर बसून तंबाखू ओढायचे. पण तुझ्या थडग्यावर फोटो बंदुकीसकट, जी तू कधी धरली नाहीस, आणि खाली तुझ्या गाण्याची ओळ, ‘सर्ब मातीसाठी मेलो’. मेल्याचं साल कोरं आहे हे बघतो कोण? बसभर पोरं रडत देवळात गेली आणि तुझ्या नावाच्या मेणबत्त्या खालच्या वाळूत लावल्या, मेलेल्यांच्यात. मी एकेक उपटून वर, जिवंतांच्यात लावली. बोटं भाजली.

नदीपलीकडच्या मुसलमान वस्तीतल्या हस्नियाने डोळे पुसत मयताचा हलवा आणून दिला. तिच्याच लोकांना तू गाण्यात नदीत ढकलतोस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संत निकोलाच्या सणाला घरी ये आणि गावाला तोंड दाखव.

लोभ आहे, राग त्याहून जास्त.
स्तामेंका

व्हिएन्ना, २० ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

रडणाऱ्यांना अडवू नकोस. मेल्यापासून कॅसेटी धो धो खपतायत. मॅनेजर माझ्या श्रद्धांजलीचे कार्यक्रम लावतो, त्यात मी खोटी मिशी लावून माझाच चुलतभाऊ म्हणून गातो. लोक म्हणतात, ठीक आहे, पण त्याची सर नाही. काल एका म्हाताऱ्याने मला धरून शिकवलं, मिलोयको हे कसं गायचा ते. सणाला येईन, पण मिशी लावूनच.

माया पातळ करू नकोस.
तुझा कै. मिलोयको

क्रिव्होदोल, ९ नोव्हेंबर

मिलोयको,

आशीर्वाद लिहीत नाही, तुला कै. व्हायची हौस आहे ना.

रविवारी पाद्रीबाबांनी मेलेल्यांत तुझं नाव वाचलं. मी उठून सांगितलं, तो जिवंत आहे, नुसता निर्लज्ज आहे. बायकांनी मला धरून बाहेर बसवलं, म्हणे दुःखाने डोकं फिरलं. पुलावर हस्निया भेटली. तिने विचारलं, नक्की जिवंत आहे ना? मी हो म्हटलं. तर म्हणाली, मग हलव्याचं ताट परत दे. दिलं.

मेणबत्त्या वर न्यायचं मी आता बंद केलंय. सणाच्या दिवशी एकच घेऊन थांब्यावर उभी राहीन. बसमधून माझा भाऊ उतरला तर वर लावीन. मिशी उतरली तर खाली.

बाकी माया बघू, उतरल्यावर.
स्तामेंका

व्हिएन्ना, १ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. न.

मिशी काढली. मॅनेजर म्हणाला, आता तर तू अजिबातच त्याच्यासारखा दिसत नाहीस. तिकीट काढलंय. हलवा अजून उरला असेल तर नदीच्या कुठल्या काठी आहे ते कळव, तिथेच उतरतो.

मेणबत्ती विझू देऊ नकोस.
तुझा चि. मिलोयको