गाई किती, शेण किती

३ फेब्रुवारी

दोन! सासूबाईंनी चक्क दोन सांगितल्या. ओसरीवर नवनाथ टॅब घेऊन बसलेला, मागं गोठ्यात पाच गाई हंबरतायत, आणि ह्या अगदी शांतपणे — "दोनच हायेत बाबा. त्यातली एक भाकड." मी चहा घेऊन नुसती उभी.

नवनाथ वरवंडचा. पुण्याच्या संशोधन संस्थेच्या सर्व्हेला आम्ही दोघं एकदमच लागलो. स्वतःच्या घरी स्वतः विचारायचं नाही, म्हणून आमचं घर त्याच्याकडं. बिचाऱ्यानं हंबरणं ऐकलं, माझ्याकडं बघितलं आणि दोन लिहिलं. सांगतील तेच लिहायचं असा नियम आहे.

५ फेब्रुवारी

मला तरी काय वेगळं मिळतंय! शेजारच्या म्हस्कूआप्पांच्या सात गाई. मला सांगितली एक. दोनपेक्षा जास्त निघाल्या की रेशन बंद, ही आवई त्यांनीच वस्तीभर उठवलीय असं कळलं. मग काय, सगळ्यांच्या गाई एका दिवसात आटल्या.

१० फेब्रुवारी

नवऱ्यानं, सत्यजीतनं, पुन्हा विषय काढला. गाई विकू, शिक्रापूरला त्याच्या कंपनीजवळ खोली घेऊ. त्याचंही खोटं नाही. दुधाची जीप आमच्या वस्तीवर सकाळी एकदाच येते. संध्याकाळचं दूध खवेवाल्याला, तो देईल त्या भावात. राबून हातात काही राहत नाही.

पण सरकार दूध थंड करायची केंद्रं बसवणार आहे, आणि कुठं बसवायची ते आमच्या सर्व्हेवर ठरणार आहे. आपल्याकडं केंद्र आलं तर राहू, नाही तर जूनला निघू — एवढ्यावर तो तयार झाला.

शिक्रापुरात चौथ्या मजल्यावर बसून मी काय करू? त्याचा डबा? एम. ए. अर्थशास्त्र झाले ते डब्यासाठी नाही. सासूबाई तर येणारच नाहीत. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं, तरी सांगून मोकळ्या झाल्या.

१८ मार्च

पुण्याला बैठक. आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख अनुपमा मॅडमनी भिंतीवर तालुक्याचा नकाशा लावला. जिथं दूध जास्त तिथं गडद निळा. राहू गावाच्या आसपास बरंच निळं, आणि मधे आमची वस्ती पांढरीफटक! केंद्र पलीकडच्या गावाला सुचवायचं ठरत होतं.

चहाच्या वेळी मॅडमना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. आमच्याच घरात पाच आहेत हेसुद्धा. वाटलं, आता नोकरी गेली. पण त्या चिडल्या नाहीत, उलट खुर्ची ओढून समोर बसल्या. म्हणाल्या, "लोक लपवणारच. तुमच्या लोकांना कशाची लाज वाटत नाही, कशाचा अभिमान वाटतो, ते शोधा. प्रश्न त्याचा विचारू."

येताना एसटीत तेच डोक्यात. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं, हे पुस्तकात वाचलं होतं. पण आपण प्रश्न शोधायचा! खूप दिवसांनी डोकं असं तरतरीत झालं.

२० मार्च

सापडला!

सकाळी सासूबाई आणि म्हस्कूआप्पांची मालकीण बांधावर उभ्या. सासूबाई सांगत होत्या, औंदा आपलं शेणखत किती निघणार ते. दोन गाई सांगणाऱ्या घरात एवढं कुठून निघेल! ती म्हणते, आमचं त्याच्या दुप्पट. दोघी हट्टाला पेटलेल्या. हातातली बादली तिथंच ठेवून मी मॅडमना फोन लावला. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात येते.

२७ मार्च

मॅडम आल्या. पारावर सगळ्यांना बसवून खरंखरं सांगितलं — कुणाचंही नाव सरकारकडं जाणार नाही, रेशनचा ह्याच्याशी संबंध नाही, फक्त वस्तीचा आकडा जाईल. नको असेल त्यानं नाही म्हणावं. आम्हाला शेणखत मोजायचंय.

म्हस्कूआप्पांनी टोपी सरळ केली. "म्हंजी आता शेणावर बी कर बसवणार का?"

मॅडम म्हणाल्या, "बसवला तर पहिली पावती माझ्या नावावर फाडा." आप्पा हसले, आणि मग सगळेच हसले.

२९ मार्च

दिवसभर उकिरडे मोजले. मी आणि नवनाथ, टेप धरून. अंगाला वास, पण मजा आली! म्हस्कूआप्पांनी हाताला धरून नेलं आणि म्हणाले, खोलीबी धर, खाली लई हाय. शेणावरून जनावरं किती आणि दूध साधारण किती, हे मॅडमच्या हिशेबात बसतं. खोट्या फुशारकीचा प्रश्नच नाही, ढीग समोर असतो.

सासूबाईंनी नवनाथला चहा दिला आणि आपण होऊन म्हणाल्या, "पाच हायेत बरं का. लिव्ह."

११ एप्रिल

नवा नकाशा आला. आमची वस्ती गडद निळी. किती वेळ बघत बसले.

६ मे

पशुसंवर्धनवाल्यांपुढं बैठक. उकिरड्याचं नाव काढल्यावर साहेब लोक एकमेकांकडं बघून हसले. मॅडमनी मला उभं केलं. बांधावरच्या चढाओढीपासून सगळं सांगितलं. शेवटी एका साहेबांनी विचारलं, हा प्रश्न बाकीच्या तालुक्यांत चालेल का? मी म्हणाले, तिथली माणसं कशाची फुशारकी मारतात ते आधी बघावं लागेल. परत येताना इतकं बरं वाटत होतं की घर कधी आलं कळलं नाही.

९ जून

केंद्र मंजूर! आमच्याच वस्तीवर. सत्यजीतनं पेढे आणले. खोलीचं नाव नाही काढलं. संध्याकाळी स्वतः धार काढायला बसला, सासूबाई कौतुकानं बघत होत्या. राहिलो एकदाचे.

२ जुलै

मॅडमचा फोन. अशा नव्या प्रश्नांचा सर्व्हे जिल्हाभर करायचाय. दोन वर्षं पुण्यात राहून काम बघाल का? मी विचार न करता हो म्हणाले. फोन ठेवला तर दारात सासूबाई, सगळं ऐकलेलं.

"गाई मी बघते," म्हणाल्या. "सत्याला तू सांग."