चाळीस घसरींतल्या दोन

गंगाखेड
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

चि. रविकांत यास मनकर्णामावशीचे अ. आ.

काल, रविवार, ८ फेब्रुवारी २०२६ रोजी दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी, परभणीच्या मंगल कार्यालयात, दोनशे माणसांसमोर तू माझ्या नातीला लबाड ठरवलंस. वेळ माझ्या घड्याळातली आहे. चौतीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईचं घड्याळ पुढेमागे नसतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तू माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. भक्ती माझ्या सवितेची मुलगी. म्हणजे तू तिचा मामा. हे तुला नव्याने सांगायला नको, पण काल तू ते विसरलास असं दिसलं, म्हणून लिहिते.

तुझ्या दुकानातर्फे भरवलेल्या त्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेत शेवटच्या सामन्याला भक्ती होती. समोर सोनपेठचा शिवप्रसाद. पडद्यावर तरंगत्या फळ्या, त्यांवर दोघांची दोन पात्रं, एकाने दुसऱ्याला खाली पाडायचं. त्याचा तो रेड्याएवढा राक्षस, हिची चिमणीएवढी पोरगी, जिला आम्ही घरात टिटवी म्हणतो. तिसऱ्या डावात राक्षस काठाबाहेर फेकला गेला, तशी टिटवी त्याच्याकडे पाठ ठेवून मागच्या मागे घसरली, काठावरून उतरली आणि तोच काठ धरून लटकली. परत यायला राक्षसाला जागाच उरली नाही, तो खाली गेला. सामना संपला. टाळ्या वाजल्या. त्या तूही वाजवल्यास, मी पाहिलं.

मग शिवप्रसादच्या मंडळींनी तक्रार केली, की हिच्या कंट्रोलरमध्ये काहीतरी बसवलं आहे, एक बटण दाबलं की आपोआप दोन दाबली जातात. तू स्क्रू ड्रायव्हर मागवलास. माझ्या मुलाने पुण्याहून येताना आणलेला कंट्रोलर सगळ्यांसमोर उघडलास. त्यातून निघालं काय, तर एक मुरमुरा. तो मुरमुरा टेबलावर ठेवून तू पांढऱ्या फळ्यावर लिहिलंस, भक्ती, लबाडीमुळे बाद. शिवप्रसाद विजेता.

सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर म्हणायच्या, की पुराव्याशिवाय दुसऱ्याला चोर म्हणणारा माणूस चोराहून वाईट, कारण चोर निदान कष्ट तरी करतो. तू काय कष्ट केलेस ते कळव.

भक्तीला ती घसर कशी येते, याचा पुरावा सोबत जोडला आहे. तिच्या होस्टेलात मोबाइल चालत नाही, म्हणून आमचा व्यवहार पत्रांनी होतो आणि माझ्या प्रत्येक पत्राची कार्बन प्रत मी ठेवते. वाच. पुण्याच्या फेरीसाठी विजेत्याचं नाव पाठवायची मुदत शुक्रवार, २० फेब्रुवारी. त्याआधी फळा पुसला जाईल अशी अपेक्षा.

लोभ आहे, पण सध्या तो कुलपात ठेवला आहे.

तुझी मावशी
मनकर्णा

(जोडपत्र, कार्बन प्रत)

गंगाखेड
गुरुवार, ४ डिसेंबर २०२५

चि. भक्तीस आजीचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. घसर होत नाही म्हणून रडू आलं, असं लिहिलं आहेस. अकरावीच्या मुलीला रडायला फिजिक्स आहे, त्यासाठी वेगळं कारण नको.

दिवाळीत तू इथे खेळलीस त्याची चित्रफीत मी अगदी हळू करून तीनदा पाहिली. पहिल्या दिवशी मी तुझ्या शेजारी बसले होते ती तुला रागवायला, हे कबूल. पण आता मला ती टिटवी पडली तर जेवण जात नाही. तर ऐक. सेकंदाचे साठ भाग कर. टिटवी उडी मारण्याआधी गुडघे वाकवते, त्यात चार भाग जातात. पाचव्या भागाला पाय जमिनीवरून सुटतात. नेमकं तेव्हाच कंट्रोलरची काडी तिरकी खाली झुकवून चुकवणीचं बटण दाबलं, की ती जमिनीवर आपटते आणि घसरते. आधी दाबलंस तर काहीच होत नाही. उशीर केलास तर ती हवेत पतंगासारखी लोंबते आणि मार खाते. प्रत्येक पात्राचे गुडघे वेगळे, तेव्हा दुसऱ्याचं पाहून शिकू नकोस.

सेकंदाचा साठावा भाग कुणालाच मोजता येत नाही. तो मोजायचा नसतोच. पोस्टात सकाळी सातशे पत्रांवर मी तारखेचा शिक्का मारायचे. गादीवर ठप, पत्रावर ठप. पहिल्या महिन्यात शाई पसरायची. पुढे हात स्वतः चालायला लागला आणि सातशेवा शिक्का पहिल्यासारखाच उमटायचा. तेच कर. उडी म्हणजे गादी, चुकवणी म्हणजे पत्र. अंगठा आणि तर्जनी. बिघडलेला जुना कंट्रोलर पार्सलने पाठवते आहे. तो कशालाच जोडता येत नाही, म्हणून वॉर्डनबाईंनाही हरकत नसावी. रोज अभ्यासाआधी तीनशे ठप-ठप. पडदा नको. पडदा असला की माणूस पात्राकडे बघतो, हाताकडे नाही.

ते जमलं की मग काठाचं सांगेन. धावता धावता झटकन वळून समोरच्याला झुलवायचं असतं, तेही. एकावेळी एकच. जेवताना टिकटिक करू नकोस.

लोभ दुप्पट, अट एकच, फिजिक्स.

तुझी आजी

परभणी
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तू घरी नीट पोचलीस का? एसटीत तुला जागा मिळाली की उभं राहावं लागलं, याचीच मला काळजी लागली होती. तू रागात असलीस की कुणाकडे जागाबी मागत न्हाईस.

मी ठीक आहे. म्हणजे मेसमध्ये पोरी मला मशीन म्हणायल्यात. काल पिंकीने विचारलं, की मशीनला भाकरी लागती का चार्जर. मी हसले. दुसऱ्यांदा हसू आलं न्हाई. वॉर्डनबाईंनी खोलीत बोलावून विचारलं, की असले फसवायचे धंदे होस्टेलात चालतात का. मी तो बंद कंट्रोलर दाखवला. त्यांनी तो हलवून बघितला आणि पेपरला हात लावशील तेव्हा लक्ष ठेवीन म्हणाल्या. आजी, गेममधलं जाऊ दे, पण आता बारावीपर्यंत माझ्या प्रत्येक पेपराकडं त्या असंच बघणार.

तुला एक सांगायचं राहिलं. स्पीकरच्या आवाजाने तू कानातलं यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं होतंस, म्हणून तुला ऐकू गेलं नसेल. मागून पोरं ओरडत होती. दुसऱ्या डावात मी वरच्या फळीवर होते, तेव्हा कुणीतरी ओरडलं, की मामा, भाचीला साखर चारा. सगळे हसले. माझी तर्जनी अडली आणि टिटवी हवेतच लोंबली. तिथंच मार खाल्ला आणि डाव गेला. तिसऱ्या डावात उजव्या काठापाशी परत तेच ओरडलं, परत चुकली, पण तेव्हा वाचले. एवढ्या दोनच चुकल्या. बाकी सगळ्या तुझ्या शिक्क्यासारख्या बसल्या. घरी आल्यावर सांगणार होते, की बघ आजी, दोनच. सांगायचं राहूनच गेलं.

रविमामा लय घाबरल्यासारखे दिसत होते. फळ्यावर लिहिताना माझ्याकडं त्यांनी बघितलंच न्हाई. आईचा रविवारी ताडकळसहून फोन आला, वॉर्डनबाईंच्या ऑफिसात. ती म्हणाली, वाद वाढवू नका, मामाचं घर हाय, उद्या लग्नकार्यात तोंड दाखवायचं असतं. मलाबी तसंच वाटायलंय. तू काही लिहू नकोस. कंट्रोलर उद्या पार्सलने परत पाठवते. आता ठप-ठप करायला बसले की बोटं आपोआप थांबतात.

तुझा लोभ कमी करू नकोस, बाकी कमी झालं तरी चालेल.

तुझी
भक्ती

परभणी
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. पोस्टमनने सही घेतली तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, त्यांना वाटलं कोर्टाची नोटीस आली. तसंही ते त्याहून कमी न्हवतं.

मावशी, तू समजतेस तसा मी बेफिकीर फैसला दिलेला न्हाई. तुझं पत्र वाचून काल दुकान बंद करून मी सामन्याची चित्रफीत एकेक भाग थांबवून बघितली. भक्तीने तिन्ही डावांत मिळून चाळीसदा ती वेव्हडॅश मारली, तू जिला घसर म्हणतेस ती. त्यातल्या अडतीस वेळा दोन बटणांमधलं अंतर तंतोतंत तेवढंच. एक भाग इकडे न्हाई, एक भाग तिकडे न्हाई. दोनदा हुकली, ती सोडून दे. आमच्याकडची पोरं चार-चार वर्षं खेळायलीत, त्यांची दहातली सहा बसतात. मग सोळा वर्षांच्या मुलीची अडतीस कशी बसली, याला मी काय उत्तर देऊ?

आणि खरं सांगतो, तुझ्यापासून काय लपवायचं. मागं पोरं काय ओरडत होती ते मी ऐकत होतो. पहिलीच स्पर्धा, ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्यांनी बक्षीस दिलेलं, आणि जिंकली कोण, तर माझीच भाची. तक्रार आल्यावर मी तिच्या बाजूने बोललो असतो तर गावभर झालं असतं, की मामाने घरातच बक्षीस नेलं. परक्याची पोरगी असती तर मी कंट्रोलर उघडून, बंद करून, विषय संपवला असता. घरची होती म्हणून कडक व्हावं लागलं. तूच लहानपणी सांगायचीस ना, की आपल्या माणसाला रांगेत शेवटी उभं करावं?

होळीला भक्तीला आमच्याकडं पाठव. मी तिला नवा कंट्रोलर घेऊन देतो, घरात सगळ्यांसमोर जिंकली म्हणून सांगतो. पुढच्या वर्षी आहेच. पण ही पत्रं आता थांबव, मावशी. काही असलं तर फोन कर, आपण घरातल्या घरात बोलू. आईलाबी यातलं काही सांगितलेलं न्हाई.

तुझा हात डोक्यावर राहू दे, रागातला असला तरी चालंल.

तुझा
रविकांत

गंगाखेड
शनिवार, १४ फेब्रुवारी २०२६

चि. रविकांत यास मनकर्णामावशीचे अ. आ.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. उद्या महाशिवरात्र, टपाल बंद. म्हणून साडेअकराच्या आत हे लिहून स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवते आहे.

आधी माझी एक चूक दुरुस्त करते. तू भाचीचं नातं विसरलास, असं मी लिहिलं होतं. तू विसरला नव्हतास. नको तितकं लक्षात ठेवलंस. आपल्या माणसाला रांगेत शेवटी उभं कर, असं मी सांगितलं होतं, ते खरं. त्याला रांगेतून हाकलून दे, असं कधी म्हटलं नव्हतं. माझ्या काउंटरवर तुझी आई आली तरी तिला नंबर लागेपर्यंत थांबावं लागायचं. पण नंबर आला की तिकीट मिळायचं. परक्याच्या पोरीला जो न्याय तू सहज दिला असतास, तो घरचीला नाकारलास आणि त्याला कडकपणा हे नाव दिलंस. तो कडकपणा नाही, रविकांत. मागच्या रांगेतल्या पोरांची ती भीती आहे.

आता पुरावा. तू लिहितोस, दोनदा हुकली, ती सोडून दे. मी ती सोडणार नाही. मला त्या दोनच हव्या आहेत.

भक्तीचं पत्र सोबत पाठवते आहे. ही माझ्याजवळची अस्सल प्रत आहे, तेव्हा सांभाळून ठेव आणि परत कर. पाकीट आधी बघ. त्यावर परभणीचा शिक्का १० फेब्रुवारीचा आहे. तुझं पत्र १२चं, आणि चित्रफीत तू थांबवून पाहिलीस ती ११ला. ती फक्त तुझ्यापाशी आहे. मी पाहिलेली नाही, भक्तीने पाहिलेली नाही. तरीही तू मोजायला बसण्याच्या आदल्या दिवशी त्या मुलीने लिहिलं आहे, की दोनच चुकल्या. कुठे, तेही लिहिलं आहे. दुसऱ्या डावात वरच्या फळीवर आणि तिसऱ्या डावात उजव्या काठापाशी. का चुकल्या, हे तर तू स्वतःच्या कानांनी ऐकलंस.

आता दुकानाचं शटर पुन्हा खाली ओढ आणि ती दोन ठिकाणं काढ. तुझ्या चित्रफितीत आवाजही असेल. जिथे टिटवी हवेत लोंबते, तिथे त्याच क्षणी मागून भाचीला साखर चारा ऐकू येतं का, ते बघ. कंट्रोलरमध्ये बसवलेलं यंत्र बटणं दाबताना लाजत नाही, रविकांत. मामाच्या नावाने त्याचं बोट अडत नाही. यंत्राच्या चाळीस बसल्या असत्या. अडतीस बसल्या, कारण त्या हाताने बसवल्या. दोन हुकल्या, कारण तो हात तुझ्या भाचीचा होता.

अडतीस कशा बसल्या म्हणतोस? तू सात वर्षांचा असताना पोस्टाच्या मागच्या खोलीत माझ्या शेजारी स्टुलावर बसून शिक्के मोजायचास. एकदा तुझ्या मोजणीत पाचशे बारा झाले आणि एकही तिरका नव्हता, म्हणून तू घरभर सांगत फिरलास. तेव्हा माझ्या हातात काही बसवलं आहे, असं तुला वाटलं नव्हतं.

मी सांगितलेल्या जागी त्या दोन चुका नसतील, तर मी स्वतः परभणीला येऊन शिवप्रसादची आणि तुझी त्याच फळ्यासमोर उभी राहून माफी मागेन. असतील, तर तीन गोष्टी. फळ्यावरचं वाक्य पुसून निकाल बदलल्याचं त्याच ठिकाणी, तितक्याच मोठ्या अक्षरांत लिही. पुण्याला भक्तीचं नाव पाठव. आणि वॉर्डनबाईंना तुझ्या सहीचं पत्र दे, की ही मुलगी लबाड नाही. यातली तिसरी सगळ्यांत आधी कर. पुण्याची फेरी हुकली तर पुढच्या वर्षी येईल. परीक्षेच्या हॉलमधली ती नजर दोन वर्षं रोज येईल.

होळीच्या नव्या कंट्रोलरची गरज नाही. घरात सगळ्यांसमोर जिंकली म्हणणार आहेस, तर हरवलंस कुणासमोर ते आठव. भक्तीने परत पाठवलेल्या जुन्या कंट्रोलरचं पार्सल काल मिळालं. मी ते उघडलं नाही. तिचाच पत्ता घालून आज याच टपालाने परत पाठवते आहे, सोबत एकच ओळ, रोज तीनशे.

गुरुवारी शिवजयंतीची सुट्टी आहे, शुक्रवारी नावांची मुदत संपते. तेव्हा तुझं उत्तर बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. परभणीहून गंगाखेडला दिवसभर गाड्या आहेत. टपालावर भरवसा नसेल तर स्वतः आणून दे, चहा मिळेल. कुलपाची किल्ली माझ्याकडेच आहे, एवढंच लोभाबद्दल सांगते.

तुझी मावशी
मनकर्णा

ता. क. फोन करू नकोस. बुधवारी पाच वाजेपर्यंत मी कानातलं यंत्र काढून ठेवलं आहे. उत्तर लेखी दे, तारीख घाल, आणि खाली सही कर.