वाटून घेतलेल्या गोळ्या

प्रिय अनुप,

सप्रेम जय भीम.

आईला पुन्हा भंडाऱ्याला भरती केलं आहे. अंग चिपाडासारखं झालं, जीभ मात्र तशीच. नव्या गोळ्या पाहून नर्सबाईंना म्हणाली, "बाई, ह्या मानसाच्या का म्हशीच्या?" सगळा वॉर्ड हसला. मला हसू आलं नाही.

टीबीच्या पहिल्या गोळ्या तिला आता लागू पडत नाहीत. असं कसं, म्हणून डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बसवून सांगितलं. जंतूभोवती एक कवच असतं, आपल्या पेशींना तसं नसतं. एक औषध ते कवच बनू देत नाही, म्हणून जंतू मरतो आणि माणूस वाचतो. दुसरं औषध त्याचं आतलं काम बंद पाडतं. एकातून सुटलेला दुसऱ्यात सापडावा म्हणून गोळ्या एकत्र, रोज आणि पुऱ्या घ्यायच्या. मात्रा कमी पडली की दुबळे मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पैदास होते. निंदताना धानासारखं दिसणारं गवत राहून गेलं की पुढच्या साली बांधीभर तेच माजतं, हे तू लहानपणी पाहिलंच आहेस.

पण आई तर एक दिवस चुकली नव्हती. रिकामी पाकिटं मी स्वतः पाहायचो. काल हात धरून विचारलं, तेव्हा भिंतीकडे तोंड करून बोलली, "सुट्टीत आली तवा पोरगी खोकलत होती. मले तं बरं वाटून राहिलं होतं. अर्ध्या तिले देल्या. एकानं खावं न् एकानं पाहावं, असं आपल्या घरात हाय का?"

तुझी लेक प्रतीक्षा तेव्हा तिच्याच कुशीत झोपायची. गुळाच्या खड्यासोबत गोळी द्यायची म्हणे. दान हे पुण्य, असं विहारात ऐकत आलो. पण औषध अर्धं दिलं की दोघांचंही वाया जातं.

तुला फोन लावला तर तीच बोलली, "मोठेबाबा, मला पुन्हा खोकला झाला." पोरीला हे कसं सांगायचं? मी फोन ठेवला. म्हणून पुण्याला निघालेल्या शेजारच्या मंगरूच्या हाती हे पत्र आणि आईच्या तपासणीचा कागद पाठवतो. पत्र मिळताच पोरीला मोठ्या दवाखान्यात ने, कागद दाखव, तिनेही त्याच गोळ्या अर्ध्यामुर्ध्या खाल्ल्या आहेत हे लपवू नको. तुम्ही नवराबायकोही तपासून घ्या. आईवर रागावू नको. ती डोळा उघडला की एकच विचारते, पोरीचा खोकला गेला का. मी ‘गेला’ म्हणतो. पंचशील घेतलेल्या माणसाने खोटं बोलू नये. माझं हे खोटं तू खरं कर.

तुझाच,
सुगतदादा