आईच्या झाडाची संत्री

बर्ज,

पिलाफ फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे. मी माझ्या बहिणीकडे, सेटाकडे चाललेय. फोन करू नकोस.

आज तुमच्या हौशी बागवाल्यांच्या मेळाव्याला तुला न सांगता आले होते. म्हटलं, मागच्या अंगणातली आपली संत्री वाटताना तुला बघावं. कुणीतरी विचारलं, "एवढी गोड कशी हो?" आणि तू म्हणालास, "बी मी लावलं, लेकरासारखं जपलं."

बर्ज, माझ्या आईने शेवटच्या आजारपणात खाल्लेल्या संत्र्याचं बी होतं ते. मी लावलं. तू तर तिथे गाडी उभी करायला रोप उपटायला निघाला होतास! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागे उभी राहून मीही वाजवल्या. मग त्यांनी संत्र्याच्या जातीचं नाव विचारलं. घरात आपण त्या झाडाला आईच्या नावाने 'अरुस्याक' म्हणतो. तू खुशाल स्वतःचं नाव सांगितलंस.

रेडिओवर म्हणतायत, पहाटे इथे फ्रेस्नोत पाणी गोठेल इतकी थंडी पडणार. जुन्या रजया गॅरेजमध्ये आहेत. दरवर्षी मी झाकते. आज तुझं झाड तूच झाक.

अनूश