लाल काठाची पानं

३ मे, शनिवार
आज पुन्हा! हॉलमध्ये फरशीभर पाणी. बाबा तांब्या हातात घेऊन अग्लोनिमाच्या कुंडीपाशी उभे. म्हणाले, "सकाळपासून पानी नाही भेटलं त्याले." सकाळपासून कितव्यांदा घालत होते, कोण जाणे. मी फरशी पुसून घेतली.

सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांचं हे असं. लग्नाचा फोटो दाखवला तर "हे कोन?" विचारतात. पण या अग्लोनिमाची लाल काठाची पानं दिसली की लगेच – "हे प्रेमिलानं लावलं." तेवढंच उरलंय त्यांच्याकडे तिचं. ते झाड मरू द्यायचं नाही, बस!

५ मे
खालची पानं पिवळी. बुडाशी बोट लावलं तर देठ मऊ. बाहेर ठेवलं तर दुपारच्या उन्हात पापड होईल, म्हणून कूलरसमोर ठेवलेलं. तिथे माती वाळत नाही, त्यात बाबांचा तांब्या!
अंकुश म्हणतो, "तांब्या लपवून ठेव ना." नवऱ्याची अक्कल! लपवून पाहिला. बाबांनी कूलरच्या टाकीतून वाटीनं पाणी काढलं.

९ मे
नर्सरीतले भैयाजी म्हणाले, "मुळं सडले, ताई. शेंडा कापा अन् पान्यात ठेवा. जगला तं जगला."
शेंडा कापला. स्वयंपाकघराच्या खिडकीत, तांदळाच्या डब्याआड, काचेच्या ग्लासात ठेवलाय. आणि हॉलच्या कुंडीत – लिहायलाही लाज वाटते – प्लास्टिकचं झाड. तशाच लाल काठाचं. बाबा दुपारी झोपले होते तेव्हा बदललं. खाली नुसती खडी भरली.
चोरासारखं वाटतंय.

१० मे
ओळखलं नाही त्यांनी! नेहमीसारखं फडकं ओलं करून एकेक पान पुसलं, तांब्याभर पाणी घातलं आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. खडीतून पाणी ताटलीत उतरलं, ते मी गुपचूप ओतून दिलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. माझ्या बाबांशीही मी एवढं खोटं कधी बोलले नव्हते.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा
बुद्धवंदना झाल्यावर खीर वाढली. बाबांनी आपली वाटी उचलून कुंडीपाशी ठेवली. "तिले आवडे." अंकुश उठून गॅलरीत गेला, बराच वेळ आलाच नाही. मी वाटी तिथेच राहू दिली.

१८ मे
शेंडा नुसता उभा. मूळ नाही, काही नाही. या आठवड्यात माझ्या शाळेत निकालांचं काम होतं, पाणी बदलायचं राहूनच गेलं, तरी ग्लास बघते तर लख्ख! अंकुशच बदलत असणार. मनात असते माया, फक्त बोलत नाही माणूस. आज त्याच्या वरणावर तूप जास्त.

२७ मे
मूळ!! पांढरं, शेवईएवढं. स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

११ जून
मुळं आता छान भरलीत, वर कोवळं पानही गुंडाळलेलं दिसतंय. उद्या-परवा कुंडीत लावू. बाबा वामकुक्षीला गेले की प्लास्टिक बाहेर, हे आत – त्यांना कळणारही नाही.
अंकुशला म्हटलं, पाणी बदलत राहिलास म्हणून जगलं हो.
"कोनतं पानी? मले वाटलं, तूच बदलून राहिली."

१२ जून
सकाळी स्वयंपाकघरात गेले तर बाबा खिडकीशी. तांदळाचा डबा बाजूला सरकवलेला. ग्लासातलं जुनं पाणी ओतून, मुळांना धक्का न लावता नवं भरत होते. मला पाहून म्हणाले, "प्रेमिला असंच लावे. आधी पान्यात."
मी विचारलं, "मग हॉलमधल्याला रोज पाणी का घालता, बाबा?"
तांब्या भरून ते हॉलकडे निघालेच होते. "तू इतक्या हौसेनं आनून ठेवलं. तुले वाईट वाटलं असतं वं."